जुन्या संगणकावर शब्दसंग्रह नेताना : स्मृतिविषयक इशाऱ्यांचा अर्थ

नंदुरबार जिल्ह्यात अहिराणी, भिली, मावची, पावरी अशा अनेक बोली नांदतात. त्यांचे शब्दसंग्रह आता संगणकावर सिद्ध होतात. परंतु नव्या ६४-बिटी यंत्रावर रचलेली आज्ञावली पुष्कळदा एखाद्या शाळेतील जुन्या ३२-बिटी यंत्रावर चालवावी लागते. तेथे ती नव्याने संकलित करू लागताच कंपायलर स्मृतीविषयी इशारे देऊ लागतो. हे इशारे कसे वाचावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथील उदाहरणे सी भाषेतील आहेत.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. ‘नंदुरबार’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या दृष्टीने अनुस्वार, उकार व काना धरून आठ चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे २४ बाइट व शेवटचा शून्य बाइट मिळून २५. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात हाच शब्द ९ बाइटांत मावत असे. जुन्या मापाने आखलेल्या जागेत नवा शब्द घातला, तर तो शेजारच्या नोंदीवर चढतो, अथवा चिन्हाच्या मध्येच तुटतो. वृद्ध वक्त्याकडून एकदाच मिळालेला शब्द असा बिघडला, तर तो पडताळून पाहण्यास पुढे कोणी असेलच असे नाही.

दुसरा इशारा असा, की ‘या फलनाची घोषणा आढळत नाही’. शब्दाची प्रत करणारे स्ट्रडप हे फलन कंपायलरला जुन्या मानकाच्या काटेकोर मर्यादेत चालविल्यास घोषित होत नाही, मात्र ग्रंथालयात ते असते. अशा वेळी जुना कंपायलर गृहीत धरतो, की ते साधा पूर्णांक परत देते. ३२-बिटी यंत्रावर पूर्णांक व पत्ता दोन्ही ४ बाइटांचे असल्याने दोष झाकला जातो. ६४-बिटी यंत्रावर ८ बाइटांच्या पत्त्याचा अर्धा भाग गळून पडतो. १९९९ च्या सी मानकाने ही मोकळीक काढून घेतली. तरी जीसीसी कंपायलरने ती चूक म्हणून नाकारली ती २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीत. येथे उपाय एकच : योग्य घोषणा उपलब्ध करून देणे, किंवा तेवढेच छोटे फलन स्वतः लिहिणे.

तिसरा इशारा संख्येच्या संकोचाचा. फाइलमधील नोंदींची संख्या ६४-बिटी आहे व प्रत्येक नोंदीस ६४ बाइट हवेत, असे समजा. फाइल बिघडून ती संख्या ६,७१,०८,८६५ अशी वाचली गेली, तर गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. वरचा भाग गळतो आणि केवळ ६४ बाइटांची मागणी उरते. स्मृती मिळते, पण ती एका नोंदीपुरतीच. ग्लिबसी ग्रंथालयात २०१७ पासून असलेले रीअलॉकअ‍ॅरे हे फलन असा गुणाकार तपासते. त्यापूर्वीच्या प्रणालींत ते नाही. तेथे गुणण्याआधी भागून पाहावे : कमाल मर्यादेस नोंदीच्या मापाने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा नोंदी अधिक असतील, तर मागणीच नाकारावी.

या सर्व ठिकाणी एक मोह टाळावयास हवा. बळजबरीने प्रकार बदलून घेतला, की इशारा थांबतो. दोष मात्र तसाच राहतो. हस्तलिखितातील दुर्बोध पाठ खोडून टाकणारा संपादक व इशारा दडपणारा आज्ञावलीकार यांची चूक एकाच जातीची होय. ही जागा कोणी मागितली, किती मागितली, आणि ती परत कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक इशाऱ्यापाशी लिहून काढावीत. ती मिळाली, की दुरुस्ती बहुधा दोन-चार ओळींचीच ठरते.