क्षमेचे बळ कोठून येते?

क्षमा मागणे-देणे आम्हा जैनांना परके नाही. पर्युषणाच्या अखेरीस ते दरवर्षी घडते. मात्र आम्ही ते बळ आत्म्याच्या पुरुषार्थात शोधतो. ख्रिस्ती श्रद्धा ते देवाकडे मागते. हॉलंडच्या कोरी टेन बूम यांच्या कुटुंबाने ज्यूंना घरात लपवले, म्हणून १९४४ मध्ये सर्वांना अटक झाली. बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ मध्ये म्युनिकच्या चर्चमध्ये तिथलाच एक पहारेकरी क्षमा मागत, हात पुढे करून उभा राहिला. कोरींचा हात उचलेना. मनात प्रेम नव्हतेच. त्यांनी येशूकडे बळ मागितले आणि हात दिला. प्रेम मागाहून आले. आपले बळ जिथे संपते, तिथे ते मागण्यात कमीपणा नाही, एवढे आपण त्यांच्याकडून जरूर घ्यावे.