ऑक्टोबरातला पहिला गुरुवार

संपादकांना हवं होतं नाताळचं नाटक. कापूस चिकटवलेल्या मेंढ्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले धनगर, मंचावर आल्याबरोबर रडू फुटलेला एखादा देवदूत. त्यासाठी इंग्लंडातल्या सरे परगण्यातल्या एका लहानशा चर्च इन्फंट स्कूलला विचारलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाटक पाहायचं तर डिसेंबरात या, शाळा पाहायची असेल तर सप्टेंबरातच या. सप्टेंबरात गेलो आणि रिसेप्शनच्या वर्गातल्या मदतनीस बाईंपाशीच अडकलो.

इन्फंट स्कूल म्हणजे चार ते सात वर्षांच्या मुलांची शाळा. रिसेप्शन, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, की मूल ज्युनिअर शाळेत. सरकारी नियम असा की 31 ऑगस्टला चौथा वाढदिवस झालेलं मूल आणि 1 सप्टेंबरला पाचवा साजरा करणारं मूल एकाच वर्गात बसतं. एकाला बूट स्वतः घालता येतात, दुसरं दुपारी दोन वाजता बसल्या जागी झोपतं.

इतिहास थोडक्यात. गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी अँग्लिकन चर्चच्या मंडळींनी 1811 साली नॅशनल सोसायटी काढली आणि गावोगाव शाळा उभ्या केल्या. सरकारने स्वतः शाळा उभारण्याचा कायदा आला तो 1870 मध्ये. सोसायटीने शिकवण्याची पद्धत घेतली अँड्र्यू बेल यांची, आणि बेल यांनी ती बसवली होती मद्रासला. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली होती. आपल्या पंतोजींची धूळपाटी ती हीच. या शाळेतही खिडकीखाली वाळूचा ट्रे आहे, आणि त्यात बोटाने 'एस' काढणाऱ्या मुलीला बेल कोण हे सांगायची कोणाला सवड नाही.

सवड नसतेच. पहिल्या सहा आठवड्यांत रिसेप्शनच्या प्रत्येक मुलाची वीसेक मिनिटांची सरकारी चाचणी उरकायची. मग हार्वेस्ट फेस्टिव्हल, म्हणजे सुगीची प्रार्थना. तिच्यासाठी आणलेले बीन्सचे आणि सूपचे डबे नंतर फूड बँकेत जातात. मग दिवाळीच्या मातीच्या पणत्या, युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता (चार वर्षांची तीस मुलं दोन मिनिटं गप्प राहतात, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटणार नाही), सर्दी, उवा झाल्याची घरोघर चिठ्ठी. रोजची प्रार्थना कायद्यानेच असते. ज्यांना नको ते पालक मुलाला तिच्यातून काढून घेऊ शकतात. हॉलमध्ये मेणबत्ती लावतात, ती बॅटरीची.

या सगळ्याच्या मधोमध बाई. मुलं त्यांना 'मिस' म्हणतात. पाऊस भुरभुरतोय, खेळायची सुट्टी झालीय आणि कोट घालायचेत. बाई एकही कोट घालून देत नाहीत. कोट जमिनीवर उताणा पसरायचा, टोपी आपल्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झटक्यात डोक्यावरून मागे. चेनचं खालचं टोक तेवढं बाई अडकवून देतात, वर ओढायची ज्याची त्याने. पहिल्या आठवड्यात याला सगळी सुट्टी पुरली नाही. ऑक्टोबरात पाच मिनिटांत वर्ग मैदानावर.

तोच प्रकार वाचनात. इंग्रजीची अक्षरं 26, आवाज मात्र 44 च्या आसपास. 2012 पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना जूनमध्ये 40 शब्द वाचायला देतात. त्यातले 20 मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर कामाला येऊ नये. त्याची पायाभरणी रिसेप्शनच्या पहिल्या महिन्यातच सुरू होते. बाई 'म' म्हणत नाहीत. ओठ मिटून 'म्‌ऽऽ' म्हणतात, पाय मोडलेला. प्रत्येक व्यंजनाला 'अ' लावला तर जोडताना शब्दाचा पत्ताच लागत नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगा कार्डावर बोट ठेवून म्हणत होता, "स्‌... इ... ट्‌." पुन्हा, "स्‌, इ, ट्‌." मग चेहरा उजळला आणि तो ठासून म्हणाला, "खुर्ची!" बाई हसल्या नाहीत. "जवळ पोचलास. आता नुसतं ऐक," म्हणाल्या आणि तेच तीन आवाज थोडे जवळजवळ म्हणून दाखवले. चौथ्या खेपेला 'सिट' आलं. वर्गशिक्षिका तेव्हा उरलेल्यांना घेऊन गालिच्यावर बसलेल्या. दुसरा माणूस नसता तर हा मुलगा खुर्चीवरच राहिला असता.

आणि नेमका हा दुसरा माणूसच परवडेनासा झालाय.

शाळेला पैसा मिळतो डोकी मोजून, आणि ती मोजतात ऑक्टोबरातल्या पहिल्या गुरुवारी. त्या दिवशी पटावर जितकी मुलं, त्यावर पुढच्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक. 2014 पासून या वयाच्या सगळ्या मुलांना जेवण फुकट आहे, पण त्याचं अनुदानही अशा मोजणीच्या दिवशी किती जणांनी ताट घेतलं त्यावर ठरतं. म्हणून त्या गुरुवारी जेवणात फिश फिंगर आणि चिप्स. घरचा डबा आणणाऱ्यांनाही आग्रह होतो. स्वयंपाकघरातल्या बाई डोळा मारून म्हणाल्या, "आज ब्रोकोली नाही."

पण चिप्सनी पट वाढत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 साली सुमारे 7 लाख 30 हजार मुलं जन्मली, 2023 मध्ये 5 लाख 91 हजार. कायद्याप्रमाणे या वयाच्या वर्गात एका शिक्षकामागे 30 च्या वर मुलं नकोत. वरची मर्यादा आहे, खालची नाही. तीसच्या वर्गात बावीस आली तरी शिक्षिकेचा पगार, दिवे, हीटर तेवढेच, आणि आठ मुलांचे पैसे गायब. रिसेप्शन अजून भरतंय, दुसऱ्या वर्षात मात्र जागा रिकाम्या आहेत. चर्चची शाळा म्हणजे मागे चर्चची तिजोरी असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पगार सरकारी पैशातून होतात. उलट या प्रकारच्या शाळेत इमारतीच्या मोठ्या कामाचा दहावा हिस्सा संचालक मंडळाने उभा करायचा. हॉलच्या छताचं काम त्यामुळेच रखडलंय.

शिक्षिका कमी करता येत नाही, म्हणून मदतनिसांचे तास कमी होतात. बाईंना आधीच फक्त शाळा चालू असतानाच्या आठवड्यांचा पगार, तोच बारा महिन्यांत वाटून. बरोबरीच्या एक जणी सुपरमार्केटमध्ये गेल्या, तिथे तासाला जास्त मिळतात. बाईंच्या दुपारी जानेवारीपासून बंद होणार, असं ठरल्यात जमा आहे. पुढे पहिलं आणि दुसरं वर्ष एकत्र बसवायचा विचार चाललाय. मुख्याध्यापिका सांगतात की मोठी मुलं लहानांना शिकवतील. बेलसाहेबांची पद्धतही हीच होती, पण त्यांनी ती शिक्षक पुरेनात म्हणून काढली होती, याची मुख्याध्यापिकांना आठवण करून द्यायचा धीर मला झाला नाही.

नोव्हेंबरात त्या दर आठवड्याला नव्या पालकांना शाळा दाखवत होत्या. अर्जाची मुदत 15 जानेवारी. एके दिवशी तीन जोडपी आली होती. वाळूचा ट्रे, गालिचा, कोटांच्या खुंट्या सगळं पाहून झाल्यावर एका वडिलांनी विचारलं, वर्गात मोठी माणसं किती असतात? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सकाळी दोन." दुपारचं त्यांनी विचारलं नाही.