बंदूक साफ करण्याचे घरगुती द्रावण किती सुरक्षित?

अमेरिकेत बंदुका बाळगणारे बरेच जण नळी साफ करण्यासाठी बाजारातले महाग द्रावण घेण्याऐवजी ते घरीच बनवतात. अशा द्रावणांत सर्वांत प्रसिद्ध आहे ‘एड्स रेड’. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन आणि अ‍ॅसिटोन यांचे हे समप्रमाणातले मिश्रण. गिअरबॉक्सच्या तेलामुळे ते लाल दिसते. कल्पना मात्र जुनी आहे. मेजर जनरल ज्युलियन हॅचर यांच्या १९४७ च्या ‘हॅचर्स नोटबुक’ या पुस्तकात फ्रँकफर्ड शस्त्रागारातले असेच एक द्रावण आहे. त्यात व्हेलचे तेल वापरलेले होते.

यातला धोका आगीचा आणि तो मुख्यतः अ‍ॅसिटोनमुळे. नेलपॉलिश काढायला वापरतात तेच हे रसायन. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला साधारण ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमान लागते. अ‍ॅसिटोनला उणे २० च्या आसपासही पुरते. शिवाय ही वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. अनेक अमेरिकी घरांत गॅरेजमध्येच गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब असतो. त्याची छोटी ज्योत सतत पेटती असेल, तर डबा लांब ठेवूनही आग लागू शकते. अ‍ॅसिटोनने लाकडी दस्त्यावरचे पॉलिश आणि काही प्लास्टिकही विरघळते, म्हणून अनेक जण ते वगळतात.

तरीही हे मिश्रण निदान वासावरून सावध करते. खरी फसगत स्वयंपाकघरातल्या वाटणाऱ्या कृतीत आहे: व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ०.२२ बोअरच्या गोळ्या बहुधा शिशाच्या असतात आणि त्यांचा थर सायलेन्सरमध्ये साचतो. या मिश्रणात भाग बुडवले की शिसे झपाट्याने निघते. पण ते नाहीसे होत नाही. पेरॉक्साइड शिशाचे ऑक्साइड करते, व्हिनेगरमधले अ‍ॅसिटिक आम्ल त्याचे लेड अ‍ॅसिटेट बनवते. भांड्यात घट्ट चिकटलेल्या धातूऐवजी आता पाण्यात विरघळलेले विष असते.

लेड अ‍ॅसिटेट चवीला गोड असते, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर धोका फारच वाढतो. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. केस काळे करण्याच्या काही उत्पादनांत हेच रसायन असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ती परवानगी मागे घेण्याचा निर्णय घेतला.

वापरलेले द्रावण मोरीत ओतले तर शिसे सांडपाण्यात जाते. उघडे ठेवून आटवले तर तळाशी पांढरे स्फटिक उरतात आणि त्यांची धूळ उडते. ते झाकणबंद बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावे लागते. सुटे करता येणारे सायलेन्सर असतील, तर भाग ओले ठेवून घासून काढले तरी काम होते. वेळ जास्त लागतो, पण शिसे धातूच्याच रूपात राहते.