विमान अपघात व सुरक्षितता

उड्डाणाच्या हेतूने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून सर्व व्यक्ती उतरेपर्यंतच्या काळात विमानाच्या चालनामुळे कोणास मृत्यू वा गंभीर इजा झाली, विमानाच्या संरचनेची मोठी हानी झाली अथवा विमान बेपत्ता झाले, तर त्या घटनेस विमान अपघात म्हणतात. अपघातास सहसा एकच कारण नसते. यांत्रिक दोष, प्रतिकूल हवामान व मानवी चूक यांपैकी अनेक गोष्टी जुळून आल्या म्हणजे तो घडतो. उड्डाण व अवतरण या वेळी विमान जमिनीजवळ असते व चूक सुधारण्यास अवधी थोडा मिळतो. त्यामुळे हे टप्पे अधिक धोक्याचे असतात.

संरचनात्मक दोष : १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या कॉमेट या ब्रिटिश जेट विमानांपैकी दोन विमाने १९५४ च्या जानेवारी व एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथे एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यातील दाब वारंवार कमीजास्त करण्यात आला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापाशी तडा जाऊन तो फाटला. धातूच्या शिणवट्याचा हा पुरावा होता. पुढे विमानांच्या अभिकल्पात शिणवट्याच्या चाचण्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

मानवी चुका : २७ मार्च १९७७ रोजी कानेरी बेटांतील टेनेरीफ येथे दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी एका विमानाने परवानगी मिळण्यापूर्वीच धाव सुरू केली होती, तर एकाच वेळी झालेल्या दोन रेडिओ संदेशांमुळे महत्त्वाचे शब्द ऐकू आले नव्हते. त्यानंतर संदेशांची भाषा अधिक काटेकोर करण्यात आली. कनिष्ठ वैमानिकाने आपली शंका निःसंकोचपणे मांडावी, असे प्रशिक्षणही रूढ झाले.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ, दिल्लीहून निघालेले सौदी विमान व दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान यांची हवेत टक्कर होऊन ३४९ व्यक्ती मृत्यू पावल्या. येणाऱ्या विमानास १५,००० फूट (सु. ४,५७० मी.) उंचीवर राहण्याची सूचना होती, ते त्याखाली उतरले. जाण्यायेण्याचा हवाई मार्गही एकच होता. यानंतर दिल्लीस स्वतंत्र मार्ग आखण्यात आले व टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. ही यंत्रणा जवळच्या विमानाचा वेध घेऊन एका वैमानिकास वर, तर दुसऱ्यास खाली जाण्याचा आदेश देते.

अन्वेषण : उड्डाणाची माहिती व वैमानिककक्षातील संभाषण नोंदणारी उपकरणे अपघातानंतर शोधली जातात. ‘काळी पेटी’ म्हणून ती ओळखली जात असली, तरी सहज दिसावीत म्हणून त्यांचा रंग नारिंगी असतो. भारतात हे काम २०१२ पासून स्वतंत्र अन्वेषण विभागाकडे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अन्वेषणाचा हेतू दोषी ठरविणे हा नसून पुढील अपघात टाळणे हा असतो. शिक्षेचे भय नसेल, तरच चुका मोकळेपणाने सांगितल्या जातात.