कार्यालयीन माहितीसंग्रह आणि डेटाबेसची निवड

कार्यालयातील नोंदी वाढू लागल्या की त्यांच्यासाठी कोणती डेटाबेस-प्रणाली स्वीकारावी, हा प्रश्न उपस्थित होतो. आणि त्याचे उत्तर बहुधा केवळ आकारमानावरून दिले जाते. ही कसोटी अपुरी आहे.

इंग्लंडमधील २०२० सालची घटना या दृष्टीने उद्बोधक ठरते. कोरोना-चाचण्यांचे निकाल तेथे एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फायलींत भरले जात. या स्वरूपात एका पत्रकात ६५,५३६ ओळीच मावतात. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ ओळी मावतात हे खरे. परंतु खरा दोष मर्यादेचा नसून, नोंदी गळाल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही, हा होता. म्हणून अग्राह्य नोंद प्रणाली उघडपणे नाकारते काय, हे प्रथम पाहावे.

दुसरी कसोटी एकाच वेळी लिहिणाऱ्यांच्या संख्येची. एसक्यूलाइटमध्ये सुमारे २८१ टेराबाइट माहिती साठविता येते. उलट अ‍ॅक्सेसच्या एका फायलीची मर्यादा २ गिगाबाइट आहे. एवढ्यावरून एसक्यूलाइट सर्वत्र योग्य ठरत नाही. तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. शिवाय विशेष सूचना दिल्याखेरीज ती संख्येच्या रकान्यात अक्षरेही स्वीकारते. एका टेबलावरील कामास ती उत्तम होय. परंतु एक लिपिक रजा मंजूर करीत असता दुसरा त्याच क्षणी वेतनपत्रक तयार करीत असेल, तर पोस्टग्रेस्क्यूएलसारखी प्रणाली हवी. तिच्यात अनेकांचे लेखन परस्परांस न अडविता चालू शकते. आणि एखादा व्यवहार मध्येच खंडित झाल्यास तो अर्धवट न राहता समूळ रद्द होतो.

तिसरी कसोटी माहितीच्या स्वातंत्र्याची. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले, त्यामागील एक प्रमुख हेतू हाच होता: माहिती यंत्रात कशी साठविली आहे याचे ज्ञान वापरणाऱ्यास आवश्यक असू नये. त्याच तत्त्वाचा विस्तार करून असे म्हणता येईल की, आज घेतलेली प्रणाली उद्या सोडावी लागल्यास माहिती तिच्यासह अडकून पडता कामा नये. सेवापुस्तकातील नोंद कर्मचाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत, किंबहुना निवृत्तिवेतनापर्यंत, लागते; कोणतीही प्रणाली इतकी वर्षे टिकेलच असे नाही. यास्तव संपूर्ण माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून, ती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभी करून पाहण्याची परीक्षा खरेदीपूर्वीच घ्यावी.

या तिन्ही कसोट्यांस उतरणाऱ्या प्रणालींमध्येच आकारमान, वेग आणि किंमत यांची तुलना करणे सयुक्तिक होय.