तीन अंशांची पाचर

तळहातावर मावेल एवढी एक पाचर. एका कडेला पातळ, दुसऱ्या कडेला किंचित जाड. कोन जेमतेम तीन अंशांचा. टेबलावर ठेवली तर तिचा उतार चटकन नजरेत भरतही नाही. पण आल्प्सच्या एखाद्या कडक बर्फाच्या उतारावर माणूस ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने वळण घेतो, तेव्हा त्याचे गुडघे मोकळे राहणार की अवघडणार, हे या पाचरीवर ठरतं.

स्नोबोर्ड म्हटलं की मऊ बूट घालून, आडवं उभं राहून उड्या मारणारी मुलं आठवतात. अल्पाइन स्नोबोर्ड ही त्याच कुळातली वेगळी शाखा. हा बोर्ड लांब आणि अरुंद असतो. कमरेशी त्याची रुंदी वीस सेंटिमीटरच्या आसपास. बूट स्कीच्या बुटांसारखे कडक प्लास्टिकचे. बाइंडिंग म्हणजे धातूची पट्टी आणि तिच्या दोन टोकांना बुटाची टाच व चवडा पकडणाऱ्या दोन पोलादी कड्या. म्हणून नाव प्लेट बाइंडिंग. या बोर्डाचं सगळं वैभव वळणात आहे. तो बर्फावर फरफटत नाही. त्याची कड बर्फात रुतते आणि मागे पेन्सिलीने ओढावी तशी बारीक रेघ उरते.

1998 साली नागानोमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा जायंट स्लालम या अशाच वळणांच्या शर्यतीत कॅनडाचा रॉस रेबॅग्लियाती आणि फ्रान्सची कारीन रुबी यांनी सुवर्णपदक घेतलं. 2002 पासून दोन खेळाडू शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी सुटू लागले. 2018 साली प्योंगचांगमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टेर लेडेत्स्काने स्कीच्या सुपर-जी शर्यतीत आणि या समांतर जायंट स्लालममध्ये, अशी दोन्हीकडे सुवर्णपदकं जिंकली. त्या झळाळीच्या मुळाशी तळघरातल्या बाकावर, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन केलेलं काम असतं.

त्या कामाची सुरुवात साध्या गणिताने होते. बुटाचा तळ साधारण एकतीस सेंटिमीटर लांब. वीस सेंटिमीटरच्या बोर्डावर तो आडवा ठेवला तर दोन्ही टोकं बाहेर लोंबणार. बोर्ड कलला की ती टोकं बर्फाला घासतात, कड उचलली जाते आणि स्वार आपटतो. म्हणून पाय बोर्डाच्या नाकाकडे वळवायचे. साठ अंश वळवले की बुटाची लांबी आडव्या दिशेने साडेपंधरा सेंटिमीटरच भरते. तळाची रुंदी धरूनही बूट बोर्डाच्या रुंदीत जवळजवळ सामावतो. मागचा पाय बहुधा पुढच्यापेक्षा काही अंश कमी वळवतात.

इथे गुडघ्याचा प्रश्न उभा राहतो. एक पाय दीड फूट पुढे ठेवून, दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकवून, गुडघे जरा वाकवून उभं राहून पाहा. मागची टाच उचलू पाहते, पुढचा चवडा वर यायला बघतो. पाय कंबरेशी जवळ आणि जमिनीशी लांब असतात. पुढची नडगी मागे झुकते, मागची पुढे. अनवाणी माणसाचा घोटा हा कल निमूटपणे सोसतो. कडक बूट नेमकं घोट्याचंच स्वातंत्र्य काढून घेतो, आणि मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा पुढे-मागे वाकायला बनलेला आहे. आडवा पीळ त्याला मानवत नाही.

घोट्याचं हिरावलेलं काम पाचर करते. पुढच्या पायाखाली तिची जाड बाजू नाकाकडे, मागच्या पायाखाली शेपटाकडे. सहा अंशांची पाचर अशी ठेवली आणि पाय साठ अंशांवर असला, तर त्या सहा अंशांची दोन कामांत वाटणी होते: सुमारे पाच अंश पायाच्या लांबीत, म्हणजे पुढे चवडा आणि मागे टाच उचलायला, तीन अंश आडवे, म्हणजे तळव्याची बाहेरची कड उचलून गुडघे एकमेकांकडे झुकवायला. पहिल्याला लिफ्ट म्हणतात, दुसऱ्याला कॅन्ट. एफ-टू कंपनीच्या बाइंडिंगमध्ये चवड्याच्या आणि टाचेच्या ठोकळ्यांखाली सुट्या पाचरी बसतात. अमेरिकेतल्या बॉम्बर कंपनीच्या ‘ट्रेंच डिगर’ बाइंडिंगमध्ये शून्य, तीन, सहा अंशांच्या तिरक्या चकत्या हव्या त्या दिशेला फिरवता येतात. कॅटेक कंपनीने मधल्या एका जाड बोल्टभोवती चार छोटे स्क्रू दिले. ते कमी-जास्त फिरवून कुठलाही कल साधायचा.

बसवण्याच्या कामात घाई चालत नाही. बोर्डात धातूच्या आटेदार नळ्या चार-चार सेंटिमीटरच्या चौकोनात बसवलेल्या असतात, स्क्रू सहा मिलिमीटरचे. पाचर वाढली की स्क्रूही लांब लागतो, आणि हे विसरणं महागात पडतं. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि जोर आला की आटे ओरबाडून निघतो. फार लांब स्क्रू बोर्डाचा तळ खालून फुगवतो. म्हणून आधी हाताने फिरवत किती आटे बसतात ते मोजायचं, मगच आवळायचं. बूट दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आला पाहिजे. चवड्याची खिट्टी तळहाताच्या दाबाने ठाम मिटावी. स्कीची बाइंडिंग पडताना सुटते. ही सुटण्यासाठी नसतेच, त्यामुळे तिची पकड हाच भरवसा.

खरी परीक्षा उतारावर. जाणकार पायांत पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवून, पुढे चवड्याला आणि मागे टाचेला तीन-तीन अंश देऊन सुरुवात करतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. तोच उतार, तीच वळणं, खिशात छोटी वही. गुडघे एकमेकांवर आपटले तर कॅन्ट कमी करायचा. मागचा पाय ताणला गेला तर टाच आणखी उचलायची. ज्याचे पाय मुळातच धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, त्याचं माप दुसऱ्याला चालत नाही. मापांचा तक्ता कितीही चांगला असो, वहाण कुठे चावते हे ज्याच्या त्याच्या पायालाच कळतं.

मला या कारागिरीत हेच मोलाचं वाटतं. वेगाच्या खेळात माणसाने यंत्रासारखं व्हावं, अशी सक्ती नेहमीच होते. इथे यंत्र तीन अंश वाकून माणसाकडे येतं. चार फेऱ्या झाल्या की स्क्रू पुन्हा तपासायचे, कारण धक्क्यांनी ते सैल होतात. एव्हाना वहीतलं पानही भरलेलं असतं. शेवटी एक फेरी अशी येते की लिहायला काहीच उरत नाही: दोन्ही गुडघे आपापल्या जागी, मन पुढच्या वळणावर, आणि मागे बर्फात एक अखंड रेघ.