गाडी घ्यावी, आणि पळवावीही!

‘आमची गाडी चालतेच किती? बाजार, शाळा आणि घर! तिला कसली आलीय झीज?’ हे वाक्य आमच्या मुलुंडमध्ये नेहमी ऐकू येतं. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही येत असणार. पण गाडीचं गणित उलटं असतं. हायवेवर तासभर सलग धावण्यापेक्षा दिवसातून चारदा दोन-दोन किलोमीटर जाणं इंजिनाला जास्त जड जातं.

कारण साधं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन थंड असेल तर त्या वाफेचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये उतरतं. थोडं न जळलेलं पेट्रोलही त्यात मिसळतं. इंजिन पुरतं तापलं की हे सगळं उडून जातं. पण ते तापायच्या आत आपण भाजीवाल्यापाशी पोचलेल्या असतो! बॅटरीचंही तसंच. गाडी सुरू करताना खर्च झालेली वीज भरून यायला गाडी काही वेळ चालावी लागते.

आम्ही गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना रिक्षात चढणं जमेना, शिवाय त्यांचा दमा रात्रीबेरात्री उसळतो. आमचे हे महिन्यातले पंधरा दिवस टूरवर. त्यामुळे मध्यरात्री चावी फिरवली की गाडी सुरू झालीच पाहिजे, ही माझी पहिली अट होती. शोरूममधल्या मुलाने डिझेल गाडीच्या अ‍ॅव्हरेजचं भारी कौतुक केलं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ वेगात धावावी लागते. शाळेच्या फेऱ्यांत ते कुठून व्हायचं? म्हणून आम्ही पेट्रोल गाडी घेतली. घरी चार्जिंगची सोय असेल तर अशा फेऱ्यांना विजेवरची गाडीही छान. तिथे इंजिन तापायचा प्रश्नच नाही.

आता माझा नेम ऐका. रविवारी सकाळी सहाला सासूबाईंना शेजारी बसवायचं आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने घाटकोपरपर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर होतात. इंजिन तापतं, बॅटरी भरते आणि सासूबाईंनाही बाहेरची हवा मिळते. गाडी जागेवरच सुरू ठेवून हे साधत नाही. बंद गॅरेजमध्ये तर तसं कधीच करू नका. त्या धुरातला विषारी वायू जिवावर बेततो.

बँक, किराणा, औषधं ही कामं वेगवेगळ्या वेळी न करता एकाच फेरीत उरकावीत. सर्व्हिसिंगच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. आपल्यासारखीने महिने पाहावेत, कारण किलोमीटर लवकर भरतच नाहीत. टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना तपासावी. किती हवा हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो धरून बसतो.

आणि चावी फिरवल्यावर गाडी कुरकुरत, रेंगाळत सुरू व्हायला लागली, तर ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणू नका. त्याच दिवशी बॅटरी तपासून घ्या. दवाखान्यात धावायची वेळ काही सांगून येत नाही.